हळदीचा पूल

भुजंगाच्या डोक्यावर पटका नव्हता. तेवढ्यावरून मला कळलं.

१९५५ सालचा भादवा होता. दुधना दोन्ही काठ भरून चालली होती आणि मी बोरगव्हाणच्या घाटावर तिसरा दिवस बसून होतो. पलीकडच्या काठाला माझा मेहुणा भुजंग येऊन उभा राहिला. एरवी तो लांबूनच हाक मारतो, त्याचा आवाज मोठा आहे. त्या दिवशी त्यानं हाक मारली नाही. पटका काढून हातात धरला आणि उघड्या डोक्यानं माझ्याकडं बघत राहिला. आमच्याकडं घरातलं माणूस गेल्याशिवाय कोणी बाप्या असा उभा राहत नाही. मीही माझा पटका काढला, म्हणजे मला समजलं हे त्याला समजावं. मग तो खाली बसला. मीही बसलो.

दुपारी त्यानं गाडीतून त्याच्या बहिणीला, माझ्या बायकोला, काठावर आणलं. त्याच्या गावची मसणवट आत आहे, पण मला दिसावं म्हणून त्यानं सरण नदीच्या कडेला रचलं. अग्नी त्यानंच दिला. दैवशाला, माझी लेक, पूर्ण्याच्या सासरहून रेल्वेनं आली होती, तीही पलीकडंच. मी अलीकडून बघितलं. धूर आमच्या बाजूला येत होता.

माझी बायको चतुराबाई नदीपलीकडं गेली ती गुळाच्या काहिलीत बसून. रविवारी तिच्या पोटात उजव्या अंगाला कळ उठली. ओवा दिला, शेक दिला. सोमवारी ताप चढला आणि ती पाय पोटाशी घेऊन पडली. नदी उतरेल म्हणून वाट बघितली. भुजंगाला कोणीतरी काठावरून ओरडून सांगितलं, तो पोहत अलीकडं आला. मंगळवारी सकाळी व्यंकटी पाटलाच्या गुऱ्हाळातली काहील आणली. रस आटवायची ती लोखंडाची मोठी कढई, पुरात आमच्या गावाची तीच नाव. चार पोहणारे पोटाला भोपळे बांधून तिच्या कडा धरतात आणि आत एक माणूस बसतो, फार तर दोन. भुजंग अंगानं हलका म्हणून तो बसला. मी बसलो असतो तर काहील बुडाली असती. नंतर पाणी आणखी चढलं, काहीलही निघेना, आणि मला पोहता येत नाही.

काहील ढकलताना ती मला म्हणाली, "म्हशीला पेंड घाला. वासरू आधी सोडू नका."

तेवढंच.

पलीकडून गाडीनं परभणीला नेल्यावर डॉक्टरांनी भुजंगाला विचारलं, कधीपासून दुखतंय. तो म्हणाला, परवापासून. डॉक्टर म्हणाले, मग दोन दिवस कुठं होता? भुजंग म्हणाला, "नदीवर." डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं. आत काहीतरी फुटलं होतं. बुधवारी रात्री ती गेली.

आता नदीवर पूल का नव्हता ते सांगतो. त्यात माझाही हात आहे.

पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं आणि बावन्न साली पहिली मतं पडली. आमच्या भागातून शेवरवाडीचे बन्सीधरराव निवडून हैदराबादला गेले. सगळे त्यांना मेंबर म्हणायचे. मतं मागायला आले तेव्हा आमच्या घाटावर उभं राहून त्यांनी पाण्यात हात बुडवला आणि म्हणाले, इथं पूल देतो. पुढच्या साली आम्ही दरखास्त लिहिली. चावडीत सगळ्या गावानं अंगठे दिले. बायका चावडीत येत नसत. चतुराबाई आली आणि शाईत अंगठा बुडवून म्हणाली, "माहेर माझं पलीकडं हाय. पूल ह्या बाप्यांपरीस मलाच जास्त लागतो." मग तिच्यामागं आणखी अकरा बायका आल्या.

काम पुढं सरकलं. तहसीलीतून निरोप आला की हैदराबादच्या बजेटात 'बोरगव्हाण घाटावरचा पूल व त्या भागातली लागून असलेली कामं' अशी रक्कम मेंबरनं घालून घेतली आहे. गावानं गूळ वाटला. लोकांचाही वाटा पाहिजे म्हणून बायकांनी महिनाभर डोक्यावरून दगड वाहून घाटावर ढीग घातला. 'लागून असलेली कामं' म्हणजे काय, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

मग इंजिनेर साहेब मुआयन्याला येणार असं कळलं. जागा बघून रिपोर्ट लिहिणार, त्यावर पूल ठरणार.

चोपन्न सालचा पूस महिना होता. नदीत मांडीइतकं पाणी आणि खाली गाळ. व्यंकटी पाटलानं माणसं बोलावली. "साहेबाची जीप गाळात रुतली तर गावाची काय इज्जत राहील?" तो म्हणाला. ते सगळ्यांना पटलं. मी निजामाच्या काळी सडकेवर मुकादम होतो, म्हणून काम माझ्याकडं आलं. पाणी एका अंगाला वळवलं. तरवडाच्या फांद्या अंथरल्या, त्यावर वाळूची पोती, त्यावर मुरूम, आणि सगळं धुम्मसानं ठोकून काढलं. चार दिवस साठ माणसं लागली. शेवटी पोती कमी पडली तेव्हा मी घरी आलो आणि बियाण्याच्या ज्वारीची पोती रिकामी करायला लागलो.

चतुराबाई दारात उभी होती. "हे काय करायलाव?"

"भरावाला पोती पायजेत."

"साहेब नदी बघायला येयलाय ना?"

"हां."

"मग नदी बघू द्या की त्याला. पाय भिजू द्या. आमचे रोज भिजतेत."

मी तिच्यावर ओरडलो. "पाहुणा हाय! दारात आलेल्या माणसाला गाळात उतरवायचं? तुला अक्कल हाय का?"

मग तिनंच पोत्यांची तोंडं शिवून दिली, दाभण घेऊन, दुपारभर. सगळ्यात पक्की शिवण तिचीच होती.

साहेबाची जीप आली आणि चाकाला थेंब न लागता पार झाली. आम्ही काठावर टाळ्या वाजवल्या. चावडीत साहेबाला जेवण झालं. त्यानं विचारलं, नदी ओलांडायला तुम्हाला तकलीफ होते का? व्यंकटी पाटील हात जोडून म्हणाला, "आपल्या कृपेनं काही तकलीफ न्हाई, हुजूर." मोठ्या माणसाला असंच सांगायचं असतं. त्याच्या पुढ्यात रडगाणं गायचं नाही, निदान जेवत असताना नाही. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. मीही.

उन्हाळा आला तेव्हा शेवरवाडीहून गाड्या आल्या आणि आमच्या घाटावरचे दगड भरून घेऊन गेल्या. आम्हीच हात लावून भरून दिले. आम्हाला वाटलं, तिकडून काम सुरू होईल आणि इकडं येईल. वर्षानं शेवरवाडीच्या ओढ्यावर तीन कमानींचा पूल उभा राहिला. त्या ओढ्याला आखाडात आठ दिवस पाणी असतं, एरवी शेळ्या त्यात बसतात. पुलाच्या एका तोंडाला शेवरवाडी आणि दुसऱ्या तोंडाला बन्सीधररावांचं शेत. पुढं रस्ता नाही. उद्घाटनाला आम्हाला बोलावणं होतं. आम्ही गेलो, बुंदी खाल्ली आणि परत येताना दुधनेतून चालत आलो.

त्यानंतर चार महिन्यांनी ती गेली.

सुतक फिटल्यावर मी त्या रिपोर्टाची नकल मागितली. तहसीलीत पाच वेळा गेलो. निजामाच्या शाळेत माझ्या चार इयत्ता उर्दूत झाल्या होत्या आणि साहेब जुन्या हैदराबादचा, त्यानं उर्दूतच लिहिलं होतं. म्हणून मला ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागलं नाही. बोरगव्हाणबद्दल चारच ओळी होत्या. नदीचा तळ टणक आहे. मोटार बिला दिक्कत पार झाली. गावकऱ्यांची काही तक्रार नाही. पुलाची घाई नाही, रक्कम लागून असलेल्या कामाकडं वळवावी.

बिला दिक्कत म्हणजे काही अडचण न येता. मी ते तहसीलीच्या पायरीवर बसून वाचलं. जीप ज्याच्यावरून गेली तो तळ मी ठोकला होता आणि पोती तिनं शिवली होती. त्या चार ओळी मी पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. मग नकल पटक्यात खोचली आणि घरी आलो.

फाल्गुनात मी नकल घेऊन शेवरवाडीला गेलो. लांबून पूल पिवळा दिसत होता. जवळ गेलो तर बन्सीधररावांची हळद त्यावर वाळायला घातलेली. शिजवलेली हळद वाळवायला टणक, कोरडी जागा लागते, आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकारनं त्यांना तशी जागा बांधून दिली होती. मधोमध एक बाई कोंबड्या हाकीत बसली होती. मेंबरच्या नावाची संगमरवरी फरशीसुद्धा पिवळी झाली होती. कठडे मात्र फार चांगल्या घडाईचे होते. खालचे दगड मी ओळखले. ते आमच्या बायकांच्या डोक्यावरून आलेले होते.

बन्सीधरराव पुलाच्या तोंडाशी बाजेवर बसले होते.

"या मुंजाजी," ते म्हणाले. "ऐकलं मी. वाईट झालं. चहा घ्या."

"चहा नको. हे वाचा."

त्यांनी कागद डोळ्यांपुढं धरला. "हे मला माहीत हाय. साहेबानं लिहिलंय, म्या न्हाई. तुमच्या नदीतून जीप सुकी गेली, त्याला म्या काय करू?"

"तुमी घाट बघितला होता. पाण्यात हात घातला होता तुमी."

"तुमीच साहेबाला सांगितलं ना, तकलीफ न्हाई म्हणून? म्या हैदराबादला भांडून पैसा आणला. मार्च संपला असता तर तो परत गेला असता, दुसऱ्या जिल्ह्यात कुणाच्या तरी घशात. इथं ठेवला हे वाईट केलं का? आपल्या भागातच हाय ना? बघा, उभा हाय."

"ह्याच्यावरून कोण जातं?"

ते हसले. "जातील हळूहळू. पूल झाला की रस्ता होतो. तुमी लय मनावर घेतलं, मुंजाजी. हळद न्या घरी थोडी."

त्यांनी खरंच बाईला सांगितलं आणि तिनं पसाभर हळद माझ्या पुढं धरली. मी घेतली नाही. घरी येऊन अंघोळ केली तरी तो वास गेला नाही. त्या दिवसापासून मी आमटीत हळद घालत नाही. स्वयंपाक मीच करतो.

छप्पन्न साली हैदराबाद मोडलं आणि आम्ही मुंबईच्या राज्यात गेलो. सत्तावन्नला पुन्हा मतं पडली. बन्सीधररावच आले. बोरगव्हाणची मतं त्यांनाच पडली; व्यंकटी पाटील म्हणाला, निदान ते ओळखीचे तरी आहेत. मी दुसरी दरखास्त लिहून मुंबईला धाडली. तिच्यावर फक्त माझी सही होती. तरी उत्तर आलं. मार्गशीर्षात नवा साहेब तपासणीला येईल.

गावात पुन्हा तेच सुरू झालं. पोती गोळा झाली, तरवड तोडून आणला. मी चावडीत गेलो.

"भराव घालू नका," मी म्हणालो. "त्यानंच घात केला."

व्यंकटी पाटील म्हणाला, "नवा साहेब हाय, देशावरचा. त्याला आपल्या गावाची पयली ओळख चिखलात द्यायची का?"

"हो. चिखलातच द्यायची."

धुरपताबाई चावडीच्या ओट्याला टेकून बसली होती. ती सत्तरीची, कोणालाही बोलायची. "मुंज्या, बायको गेली म्हणून गावाची अब्रू घालवतोस काय? तुझ्या लग्नात ह्याच पाटलाच्या बापानं मांडव घातला व्हता."

"मावशी, मांडवाचं काय घेऊन बसलीस?"

"मंग कशाचं घेऊ? तू तर कोणाच्या घरी जेवत बी न्हाईस आता. हळद न्हाई खात म्हणं. नवरीवानी नखरे."

लोक हसले. मी बाहेर आलो. दोन दिवसांत भराव पुरा झाला, माझ्यावाचून. काम कच्चं होतं, पण जीप गेली असती.

साहेब यायच्या दिवशी सकाळी मी कुदळ घेऊन नदीत उतरलो आणि मधून भराव फोडायला लागलो. लोक काठावर जमले. शिव्या दिल्या. कोणी आत उतरलं नाही, पाणी थंड होतं. थोड्या वेळानं पलीकडून भुजंग पाण्यात आला. सरण पेटवल्यापासून तो माझ्याशी फारसं बोललेला नव्हता. भराव मी घातला होता हे त्याला माहीत होतं.

"दाजी, सरका तिकडं," तो म्हणाला. "तुमाला फोडता येईना."

दोघांनी मिळून पुरुषभर रुंदीची खिंड पाडली. पाणी त्यातून जोरात निघालं आणि पोती वाहून गेली.

दहाच्या सुमाराला जीप पलीकडच्या काठाला आली. साहेब तरुण होता, चष्मेवाला, पायात बूट. शेजारी बन्सीधरराव बसलेले. जीप थांबली. व्यंकटी पाटील अलीकडून ओरडला, "साहेब, थांबा! बाज आणतो! चौघं उचलून आणतेत तुमाला!"

आणि खरंच बाज आणायला माणसं पळाली.

मी पाण्यातून साहेबाजवळ गेलो. "बाज नको," मी म्हणालो. "साहेब, चालत या. पाणी गुडघ्याइतकंच हाय. भादव्यात हे दोन पुरुष खोल असतं. माझी बायको ह्याच जागी दोन दिवस अडकली आणि मेली. तुमी पाण्यात पाय घाला आणि मग काय लिहायचं ते लिहा."

साहेबाचा चेहरा वाईट माणसाचा नव्हता. तो एका दगडावर बसला आणि वाकून एका बुटाची नाडी सोडली. ते मी बघितलं. भुजंगानंही बघितलं. बूट निघाला. पायमोजा निघाला. पाय गोरा होता, नाजूक.

बन्सीधरराव म्हणाले, "साहेब, पाण्यात काच असते, शिंपले असतात. सर्दीही होईल. आणि पुऱ्या निवायल्यात घरी. नदी काय, इथून दिसतेच की."

साहेबानं पाण्याकडं बघितलं. घड्याळाकडं बघितलं. मला म्हणाला, "तुमचं म्हणणं मी नोंदवून घेतो." मग त्यानं पायमोजा पुन्हा चढवला, बूट चढवला आणि नाडी नीट बांधली, दोन गाठी मारून. जीप वळली. पलीकडच्या काठानं धूळ उठत गेली ती शेवरवाडीच्या बाजूला.

बाज घेऊन माणसं आली तेव्हा काठावर कोणी साहेब नव्हता. व्यंकटी पाटील माझ्या अंगावर थुंकला. मी तोंड धुतलं. पाणी होतंच.

ह्या वेळचा रिपोर्ट मराठीत होता. रस्ता फुटलेला असल्यानं जागेपर्यंत पोहोचता आलं नाही. तपासणी पुढं ढकलावी. ह्या भागात अधिकाऱ्यांना थांबायला सोय नाही, सबब शेवरवाडी पुलाजवळ एक विश्रामगृह बांधावं.

विश्रामगृह बांधून झालं. कौलारू आहे, दोन खोल्या, पुढं ओसरी. साहेबलोक वर्षातून एकदा येतात. बाकीचे दिवस त्यात हळदीची पोती असतात, कारण पुलावर वाळलेली हळद ठेवायला जागा लागते. मी एकदा लांबून बघितलं. पहारेकरी सरकारी आहे. पोत्यांची राखण करायला सरकार त्याला पगार देतं.

एकदा गाळाचा तळ दाखवायच्या ऐवजी आम्ही मुरुमाचा दाखवला, त्यावर साहेबानं लिहिलं की पूल नको. एकदा मुरूम काढून नदी दाखवली, तेव्हा लिहिलं की नदी दिसली नाही. भराव घातला तेव्हाही तो पैसा शेवरवाडीला गेला आणि फोडला तेव्हाही. मला पूर्वी वाटायचं की चूक माझ्या भरावाची होती. आता तसं वाटत नाही, पण त्यानं मला हलकंही वाटत नाही. ती पोती मी तिच्याकडून शिवून घेतली होती, तिच्यावर ओरडून.

आता येलदरीला धरणाचं काम चालू आहे. सिमेंटच्या लाऱ्या परभणीच्या सडकेवरून जाताना दिसतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या मोमीनवाड्यातली एक बाळंतीण काहिलीतून पार झाली. ती वाचली. सगळे म्हणाले, काहील चांगली आहे.

हे १९५९ साल आहे. आमच्या घाटावर पूल झालेला नाही. तिसरी दरखास्त मी लिहून ठेवली आहे. तिच्यावर गावाचे अंगठे घ्यायचे राहिले आहेत.